पायाखालची लोकर

‘काय करता आपण?’ या प्रश्नाला ‘गालिचे धुतो’ असं उत्तर दिलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. मग बहुतेक वेळा पुढचा प्रश्न येतो, ‘ते झालं हो, पण मुख्य व्यवसाय कोणता?’ लग्नकार्यात, रेल्वेच्या प्रवासात, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत हा संवाद गेल्या सत्तावीस वर्षांत इतक्यांदा झाला आहे की आता त्याचं काही वाटेनासं झालं आहे. मराठी माणसाची यात चूकही नाही. आपल्या घरात बसायला सतरंजी, जेवायला पाट, अवचित आलेल्या पाहुण्याला चटई आणि गाण्याच्या बैठकीला जाजम. या साऱ्या वस्तू झटकायच्या, उन्हात टाकायच्या आणि घडी करून माळ्यावर ठेवायच्या. गालिचा असायचा तो संस्थानिकांच्या वाड्यात, पारशांच्या बंगल्यात, नाही तर सिनेमात. तो धुवायला वेगळा माणूस लागतो आणि त्यावर त्या माणसाचं घर चालतं, ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा आली.

मी स्वतः या धंद्यात शिरलो तो मागच्या दाराने. १९९० च्या दशकात मी पुण्यात दारोदार फिरून व्हॅक्युम क्लीनर विकत असे. ती प्रात्यक्षिकं अनेकांना आठवत असतील. टाय बांधलेला एक घामाघूम पोरगा घरात शिरायचा, तुमच्याच दिवाणखान्यातल्या गालिच्यावर यंत्र फिरवायचा आणि पिशवीतला करडा ढीग पांढऱ्या कागदावर ओतून दाखवायचा. घरच्या बाईंचा चेहरा पडायचा. तो पोरगा मी! गंमत अशी की ढीग पाहून यंत्र घेणारे थोडे आणि ‘यंत्र राहू दे, तुम्हीच महिन्यातून एकदा येऊन एवढं करून जात जा ना’ असं म्हणणारे पुष्कळ. कॅम्पातल्या एका पारशी आजींनी तर ऑर्डरच्या फॉर्मकडे न बघता पंचवीस रुपये माझ्या हातावर ठेवले आणि दुसरी खोली दाखवली. १९९८ साली मी नोकरी सोडली, एक जुनं यंत्र विकत घेतलं आणि ते स्कूटरच्या मागे बांधून फिरू लागलो. टाय मात्र त्या दिवसापासून घातला नाही.

पुढे कधीतरी वाचनात आलं की हे यंत्र जन्मलं तेच मुळी विकण्यासाठी नव्हतं. ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ साली हवा खेचून धूळ काढणारं यंत्र बनवलं ते एवढं अगडबंब की घोडागाडीवर लादून गिऱ्हाइकाच्या घरापुढे उभं करावं लागे. खिडक्यांतून लांबलचक नळ्या आत सोडायच्या आणि धूळ ओढून घ्यायची. बूथ यंत्र नव्हे, साफसफाई विकत होता. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीत अंथरलेला गालिचाही त्याच्याच यंत्राने साफ झाला. पालकसभेत सांगायला ही माहिती बरी होती, पण ती मला फार उशिरा मिळाली.

आधी कोरडं, मग ओलं

गालिच्याचा खरा शत्रू डाग नव्हे, धूळ. डाग दिसतो म्हणून माणूस घाबरतो. धूळ दिसत नाही म्हणून ती सुखाने राहते. चपलांबरोबर येणारी बारीक वाळू लवेतून हळूहळू खाली सरकते आणि गाठींच्या बुडाशी जाऊन बसते. तिच्या कणाकणाला धार असते. वरून माणसं चालतात आणि खाली ती वाळू लोकरीला करवतीसारखी कापत राहते. दारापासून सोफ्यापर्यंतच्या वाटेवरची लव सगळ्यांत आधी का उडते, याचं कारण हे. म्हणून आमच्याकडे आलेला गालिचा आम्ही प्रथम उलटा टाकतो आणि पाठीवरून थोपटत राहतो. घाई करायची नाही. नऊ बाय बाराच्या गालिच्याखालून अर्धं घमेलं वाळू निघालेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती त्याच घरात रोज झाडू फिरत असताना. ही धूळ निघण्याआधी पाणी ओतलं तर आतल्या आत चिखल होतो आणि मग तो कुणाच्या बापाने निघत नाही.

साबणाचंही तसंच. ‘धुऊन आणल्यापासून गालिचा आणखी लवकर मळतो,’ अशी तक्रार घेऊन लोक आमच्याकडे येतात. ते आधी दुसरीकडे गेलेले असतात. लवेत राहून गेलेला साबण चिकट असतो, तो येईल ती धूळ धरून ठेवतो. फेस बघून गिऱ्हाईक खूश होतं खरं, पण फेस काढणं हे फेस करण्यापेक्षा तिप्पट वेळाचं काम. त्यात लोकर म्हणजे शेवटी केसच. कपड्यांच्या पावडरीतला क्षार तिला सोसत नाही. ती राठ होते, रंग सोडू लागते. आपल्या आज्या शाल रिठ्याच्या पाण्यात बुचकळून काढायच्या, पिळायच्या नाहीत आणि सावलीत वाळवायच्या. त्यांना रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण माझ्या धंद्याचं अर्धं पाठ्यपुस्तक त्यात आलं.

दुसरं अर्धं मला उस्तादने शिकवलं.

उलट्या बाजूची ओळख

वयाने तो माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, पण पहिल्या आठवड्यातच सगळे त्याला उस्ताद म्हणू लागले. २००१ साली तो आमच्याकडे आला. उत्तर प्रदेशातला भदोही-मिर्झापूरचा पट्टा हा गालिच्यांचा मुलूख. तिथे गावोगाव माग आहेत. २०१० साली भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा उस्तादने पेढे वाटले होते. मला आश्चर्य वाटलं, कारण त्या मागाने त्याला फारसं सुख दिलं नव्हतं. वडिलांनी मालकाकडून उचल घेतली आणि आठव्या वर्षी हा मागावर बसला. १९८६ च्या बालकामगार कायद्याने गालिचे विणण्याच्या कामावर मुलांना ठेवायला मनाई केली. त्या वर्षी तो अकरा वर्षांचा होता आणि कायदा त्याच्या मागापर्यंत पोचायला, त्याच्याच शब्दांत, ‘मिशा फुटाव्या लागल्या’. लोकरीचा धागा कापायच्या सुरीचे जुने वण त्याच्या डाव्या तर्जनीवर अजून आहेत.

एकदा एका सुशिक्षित गिऱ्हाइकाने अगदी कौतुकाने त्याला विचारलं, ‘लहान मुलांची बोटं नाजूक, म्हणून गाठ बारीक येते म्हणे?’ उस्तादने हातातला ब्रश खाली ठेवला. ‘साहेब, बारीक गाठ मुरलेला कारागीर बांधतो. पोराची गाठ सैल येते. पोरं स्वस्त पडतात, एवढंच.’ पुढची दहा मिनिटं ते गृहस्थ गालिच्याकडेच बघत होते.

गालिचा आला की उस्ताद प्रथम त्याचा एक कोपरा उलटतो. हाताने गाठ मारलेल्या गालिच्याची नक्षी मागेही तितकीच स्वच्छ दिसते, गाठ न् गाठ मोजता येते आणि ओळीत कुठेतरी हात चुकल्याची खूण सापडते. यंत्रावरचा असेल तर सगळं एकसारखं, कवायतीतल्या पोरांसारखं. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर तो गाठींचा नव्हेच. लोकरीचे पुंजके कापडात टोचून मागून रबराचा चीक लावलेला. वर्षांनी तो चीक सुकतो, त्याची पांढरट पूड गळू लागते आणि पाण्यात घातलं की पाठ सुटते. दोन्ही टोकांची झालर ही शोभेला शिवलेली नसते, तर आपल्या धोतराच्या दशांसारखी ती ताण्याचीच टोकं असतात. त्यामुळे ‘तेवढी झालर कापून टाका, फार मळते,’ असं कुणी म्हटलं की उस्तादच्या कपाळाला आठी पडते. आणि शेवटची परीक्षा जाळण्याची. झालरीतला नव्हे, लवेतला एक तंतू उपटून काडी लावायची. लोकर नि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरली जाते. कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी होतो. कागद जळल्यासारखा वास आला, तर मात्र सावध!

गालिच्यांचा आणि पुण्याचा एक जुना संबंधही आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातल्या बऱ्याच तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेत, त्यात आपलं येरवडाही होतं. आग्र्याच्या तुरुंगात राणी व्हिक्टोरियासाठी विणलेला प्रचंड गालिचा आजही विंडसरच्या राजवाड्यात आहे. उस्तादला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे त्यांनाही सुट्टी नव्हती.’

हळद, चुना, साबण

आमच्याकडचे डाग म्हणजे महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराचा नि देवघराचा इतिहास. चहा, आमटी, गुलाल, निरांजनातलं तूप, समईतलं तेल, पोराचं दूध, आजोबांच्या तंबाखूची पिंक. पण या सगळ्यांची राणी हळद.

हळदीकुंकवाचा नाही तर केळवणाचा कार्यक्रम होतो, गालिच्यावर बोटभर हळद सांडते, घरची बाई धावत साबणाचं पाणी आणते, चोळते आणि क्षणात पिवळा डाग लालभडक होतो. मग आमचा फोन वाजतो. ‘अहो, रक्तासारखं दिसतंय!’ माझी बायको फोनवर शांतपणे सांगते, ‘काकू, घाबरू नका, तुमच्या गालिच्यावर कुंकू तयार झालंय.’ हे अक्षरशः खरं आहे. पारंपरिक कुंकू म्हणजे हळदीत चुना. क्षाराशी गाठ पडली की हळद लाल होते, मग तो क्षार चुन्याचा असो की साबणाचा. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टिपलं की लाली उतरून पुन्हा पिवळं येतं. आणि ते पिवळं? त्याला औषध सूर्य. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. रोज थोडं थोडं कोवळं ऊन दाखवलं तर आठवड्याभरात फिका पडतो. मात्र गालिच्याचे स्वतःचे रंगही उन्हाला भितात, तेव्हा डागापुरती जागा उघडी ठेवून बाकीचं झाकायचं.

काहीही सांडलं तरी चोळायचं नाही, हे माझं गिऱ्हाइकांना एकच कळकळीचं सांगणं. पांढरं सुती फडकं ठेवायचं, तळहाताने दाबायचं, फडकं बदलायचं, पुन्हा दाबायचं. बाहेरून आत, म्हणजे डाग पसरत नाही. रंगीत फडकं घेतलंत तर त्याचाच रंग उतरेल. चोळण्याने डाग खोल जातो आणि लव पिंजते. डाग पुढे-मागे निघतो, पिंजलेली लव कधीच पूर्ववत होत नाही. मेण सांडलं तर आधी थिजू द्यावं, खरवडून काढावं आणि उरलेल्यावर जाड कागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवावी, कागद मेण पिऊन घेतो. कुत्र्या-मांजराने जागा खराब केली तर त्याच दिवशी कळवावं. जुनी झालेली ती जागा धुऊन वास जातो, पण लोकरीचा उडालेला रंग आणायला माझ्याकडे जादू नाही.

हे सगळं आम्ही फोनवर फुकट सांगतो. ‘असं सांगितलंत तर लोक बोलावतील कशाला?’ असं माझ्या मेहुण्याने विचारलं होतं. मेहुणे विचारतातच. उत्तर असं की ज्याला फोनवर खरं सांगितलं तो पुढे मोठ्या कामाला दुसऱ्याकडे जात नाही.

फोन हा आमच्या धंद्याचा उंबरठा आणि तो पहिल्यापासून बायकोने सांभाळला. समोरून पहिला प्रश्न नेहमी एकच: ‘स्क्वेअर फुटाला काय घेता?’ ती भाव सांगतच नाही. गालिचा कुठून आणलात, किती वर्षं झाली, मागे कापड आहे का, घरात लहान मूल किंवा कुत्रं आहे का, याआधी कुणी धुतला होता का, एवढं विचारते. काही जण वैतागून फोन ठेवतात. ठेवू देत. स्वस्तात धुणारे पुष्कळ झाले, मोबाइलवर बटण दाबलं की तासाभरात येतात, आणि साध्या कामाला त्यांचं काही वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण ते गालिचा उलटून बघत नाहीत. सुरुवातीची काही वर्षं आम्ही हॉटेलांची कामं घेत होतो. काम भरपूर, पण बिलाचे पैसे तीन-तीन महिने यायचे नाहीत. घरगुती गिऱ्हाईक घासाघीस करतं, चहा देतं आणि पैसे हातावर ठेवतं. आम्ही हॉटेलं सोडली.

‘नाही’ची किंमत

आता जरा अवघड गोष्ट. या धंद्यात हात मळतात, कंबर जाते, हे सारं ठरलेलंच. कठीण असतं ते ‘हे मी धुणार नाही’ असं सांगणं. कारण न धुतल्याचे पैसे कुणी देत नाही.

एक निवृत्त काका उत्तरेच्या सहलीहून ‘रेशमी’ गालिचा घेऊन आले होते. साठ हजारांचा. दोन वर्षांनी त्यावर सरबत सांडलं, म्हणून आमच्याकडे घेऊन आले. उस्तादने कोपरा उलटला, एक तंतू ओढला, काडी लावली. कागदाचा वास. लाकडाच्या लगद्यापासून केलेला हा धागा, व्हिस्कोस त्याचं नाव. बाजारात त्याला ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशी छान छान नावं आहेत. दिसतो रेशमाहून झुळझुळीत, पण ओला झाला की त्याचा जोर निम्म्यावर येतो, लव चिकटून काड्यांसारखी होते आणि वाळताना पिवळी पडते. धुतला तर खराब होणार हे आम्हाला दिसत होतं. काकांना हे सांगायचं कसं? ‘तुम्हाला फसवलं’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, असा बायकोचा दंडक आहे. फसलेल्या माणसाला ते आधीच आतून कळलेलं असतं, असं ती म्हणते. मी एवढंच म्हणालो, ‘काका, हा धागा पाण्याचा नाही. डागासकट वापरा, वरून टीपॉय ठेवा.’

काका भडकले. ‘तुम्हाला धुता येत नाही म्हणून माझ्या वस्तूला नावं ठेवता?’ मी जळलेला तंतू दाखवला, तो त्यांनी बघितलाही नाही. गालिचा गुंडाळून, रिक्षात घालून निघून गेले. पुन्हा आले नाहीत. त्यांनी तो दुसऱ्या कुणाकडून धुऊन घेतला का, मला माहीत नाही. बरोबर असूनही गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

दुसरा ‘नाही’ याहून महाग पडला. पावसाळा हा आमचा वैरी. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते आणि हाताला कोरडीच लागते. ऑक्टोबर ते मे गालिचा दोन दिवसांत वाळतो. जुलैत पंखे लावून, उलटसुलट करूनही आठवडा जातो. आत ओल राहिली की आधी कुबट वास येतो, मग बुरशी, मग सुती ताणा कुजतो आणि एके दिवशी गालिचा घडीवर टरकन फाटतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही धुण्याची मोठी कामं घेत नाही. झालरी बांधणं, रफू, कसरीने खाल्लेल्या जागी गाठी भरणं असली बारीक कामं चालतात. त्यात शेडचं भाडंही सुटत नाही.

असाच एक जुलै. कल्याणीनगरच्या एका कचेरीतून फोन आला. भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेलं सहा हजार फुटांचं कार्पेट. शनिवारी रात्री धुवायचं, सोमवारी परदेशातले पाहुणे येणार. बाहत्तर हजार रुपये, निम्मे आगाऊ. आमच्या पावसाळ्याची सगळी भूक त्यात भागली असती. मी जाऊन बघितलं. खिडक्या न उघडणाऱ्या, रविवारी वातानुकूलन बंद, कार्पेटखाली जाड फोम. एवढं पाणी दीड दिवसात कुठे जाणार? मी सांगितलं की कोरडी धूळ काढून देतो, फक्त जाण्यायेण्याचे पट्टे अगदी कमी पाण्यात करतो आणि बाकीचं तीन शनिवारांत वाटून घेऊ. त्यांना ते नको होतं. त्यांना हो किंवा नाही हवं होतं.

त्या रात्री शेडमध्ये आम्ही चौघं बसलो होतो. मी, बायको, उस्ताद आणि मदतीला असलेला पोऱ्या. उस्तादच्या मुलीच्या शाळेची फी भरायची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी पहिल्यांदा तोच बोलला. ‘नहीं सूखेगा, भाभी.’ बायकोने भिशीतली आपली पाळी आधी मागून घेतली, त्यातून पगार झाले, फीही भरली. कचेरीचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं. ते कसं झालं, हे विचारायला मी गेलो नाही.

त्यानंतर बायकोने बँकेत एक वेगळं खातं उघडलं. ऑक्टोबर ते मे या काळातल्या प्रत्येक बिलातला शंभरातला पंधरावा रुपया त्यात जातो, मग घरात लग्न असो की मुंज. पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरवर तिने पेनने लिहिलं आहे, ‘पाऊस’. त्या खात्यामुळे पावसाळ्यात पगार थांबत नाहीत आणि मला फोनवर ‘नाही’ म्हणता येतं. माझा सगळा बाणेदारपणा त्या पासबुकात आहे.

२०२० साली मार्चच्या अखेरीस सगळंच बंद झालं, तेव्हा तेच खातं जूनपर्यंत पुरलं. कुणाच्या घरात शिरणं शक्य नव्हतं आणि कुणी आपला गालिचा बाहेर पाठवायला तयार नव्हतं. उस्ताद बायकामुलांना घेऊन श्रमिक गाडीने गावी गेला. जाताना शेडची किल्ली मला देऊन म्हणाला, ‘पंखे आठवड्यातून एकदा फिरवा, नाही तर जाम होतील.’ मी दर रविवारी जाऊन रिकाम्या शेडमध्ये पंखे फिरवत बसायचो. दिवाळीनंतर तो परतला. गावी त्याला मागावर काम मिळालं असतं, पण मुलीची शाळा इथे होती.

मांडणीवरचे गालिचे

शेडच्या मागच्या भिंतीला मांडणी आहे. धुऊन झालेले, पण न्यायला कुणी न आलेले गालिचे तिथे राहतात. कुणाची बदली होते, कुणाचा फोन नंबर बदलतो, कुणी आजारी पडतं. सहा महिने वाट पाहून विकून टाकावं, असा बहुतेकांचा रिवाज आहे. आमच्याने ते होत नाही. सध्या तिथे चार गुंडाळ्या आहेत. सुती चादरीत बांधलेल्या, कारण प्लास्टिकमध्ये लोकरीला घाम येतो. घडी कधीच घालायची नाही, घडीवर ताणा मोडतो.

त्यातला एक सहा बाय नऊचा, काश्मिरी, डाळिंबी रंगाचा. मधोमध एक झाड आणि फांद्यांवर पाखरं. वडील लष्करात होते, त्यांनी श्रीनगरहून बदली होताना आणलेला. आई गेल्यावर थोरल्या मुलाने तो आमच्याकडे धुवायला आणला. दोनच दिवसांनी धाकट्याचा फोन आला, ‘दादाच्या ताब्यात देऊ नका.’ मग थोरल्याचा, ‘तो आला तर त्याला देऊ नका.’ बायकोने दोघांनाही सांगितलं की दोघं मिळून या. ते आले नाहीत. थोरले तेवढे एकदा एकटे आले आणि जरा घुटमळत त्यांनी विचारलं, ‘मधून कापून दोन करता येतात का हो?’

तसं बघाल तर येतात. कापून कडा बांधता येतात, उस्तादने असे दोन-तीन केलेले आहेत. त्याने गालिचा खाली उलगडला, गुडघ्यावर बसला आणि विचारलं, ‘कहाँ से काटूँ, साहब? बीच में तो पेड़ है.’ ते गृहस्थ बराच वेळ उभे राहिले. मग चप्पल बाहेर काढून आले, कडेला बसले आणि लवेवरून हात फिरवला. ‘आई इथे बसून वाती वळायची,’ म्हणाले. बिल विचारलं, पण भरलं नाही. उद्या येतो म्हणून गेले.

याला तीन वर्षं झाली. मृगाच्या आधी आम्ही त्यात कडुलिंबाचा पाला नि कापूर घालून बांधतो, दसऱ्याच्या सुमारास उलगडून पाठीमागून धूळ काढतो, कसर लागली नाही ना बघतो आणि दोन तास सावलीत पसरून पुन्हा गुंडाळतो. गेल्या महिन्यात धाकट्याचा फोन आला होता. गालिचा बरा आहे ना, एवढंच विचारलं त्याने. बायको म्हणाली, ‘बरा आहे. येऊन बघून जा, रविवारी आम्ही शेडवरच असतो.’